वतनाची आशा, मक्त्याचा कागद

सतराव्या-अठराव्या शतकांतील वतनांची खरेदीपत्रे वाचू लागले की आधी जाणवतो तो त्यांचा संथपणा. पाटीलकीचा निम्माच हिस्सा विकायचा असला तरी विकणारा आधी आपली हकिकत सांगतो. दुष्काळ पडला, सरकारचा वसूल थकला, सावकाराचा तगादा लागला, पोटची माणसे जगवायची म्हणून वतन विकतो आहे, असे तो चारचौघांत कबूल करतो. मग चतुःसीमा येतात, मग मानपान येतात: पहिला विडा कोणाचा, होळीची पोळी कोणाची, पोळ्याला कोणाचा बैल पुढे, शिरपाव कोणी आधी घ्यायचा. गोत जमलेले असते, साक्षी पडलेल्या असतात, पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी असते, आणि घेणाऱ्याने हे वतन 'लेकुराचे लेकुरी' खावे, असे शेवटी लिहून दिलेले असते. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी वाड्यावस्त्यांतून जमवलेल्या आणि 1910 साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने जपलेल्या दप्तरांत असे कागद मुबलक आहेत. त्या व्यवहारात अन्याय होते, जातीची उतरंड होती, ते काही सुवर्णयुग नव्हते. तरीही दोन गोष्टी त्या कागदात असत. विकणारा का विकतो हे घेणाऱ्याला ठाऊक असे, आणि घेतलेले आपले राहील की नाही याविषयी संदेह नसे.

हे सारे आज आठवण्याचे कारण अगदी घरगुती आहे. राज्य सरकारच्या नोकरीतून अठ्ठावन्नाव्या वर्षी किंवा बँकेतून साठाव्या वर्षी बाहेर पडणारा मराठी मध्यमवर्गीय माणूस हल्ली भविष्य निर्वाह निधी, उपदान आणि रजेचे पैसे हाती आल्यावर त्यांतला मोठा वाटा एखाद्या चहाच्या, वड्याच्या, मिठाईच्या, शिकवणीच्या किंवा रक्ततपासणीच्या साखळीची फ्रँचायझी घेण्यात घालतो. मुदत ठेवीचे व्याज पुरत नाही, मुले पुण्या-बंगळुरात किंवा परदेशात असतात, अंगात उमेद असते, आणि 'रेडीमेड धंदा' हे शब्द मनाला धीर देतात. यात त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही. पण आपण काय विकत घेतो आहोत, या प्रश्नाचे उत्तर त्याने मनाशी दिलेले असते 'वतन', आणि त्याच्या हाती येणारा कागद मात्र बहुधा मक्त्याचा, म्हणजे मुदतीच्या ठेक्याचा, असतो. ही गफलत नवी नाही. देणाऱ्याला कधीच वतन द्यायचे नसते आणि घेणाऱ्याला कधीच मक्ता घेतल्यासारखे वाटत नाही, हा संघर्ष आपल्या इतिहासात निदान तीन शतके चालू आहे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात वतनदारांविषयी जी सावध भीती आहे, ती देणाऱ्याची भीती आहे. वतन एकदा दिले की ते परत येत नाही, वतनदार हा राज्यातच एक छोटा राजा होऊन बसतो, म्हणून नवी वतने देऊ नयेत, असा तिचा आशय. पेशवाईने यातून वेगळी वाट काढली. मुलूख कमाविसदाराच्या, म्हणजे वसुली अधिकाऱ्याच्या, हवाली करायचा, तोही मुदतीने, आणि वसूल यायच्या आधीच त्याच्याकडून अंदाजे रकमेचा काही भाग 'रसद' म्हणून घ्यायचा. रसदेवर व्याज मिळे, नवा कमाविसदार आला की त्याच्या रसदेतून जुन्याचे देणे फिटे, आणि सरकारची तिजोरी दोन्ही वेळा भरलेली राही. माधवराव पेशव्यांच्या आणि नाना फडणवीसांच्या काळात या पद्धतीवर हिशेबतपासणीचा, दरकदार अधिकाऱ्यांचा आणि अनुभवी माणसांच्या निवडीचा वचक होता. म्हणून ती चालली, आणि रयतेलाही फारशी जाचली नाही.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, म्हणजे 1796 ते 1818 या वर्षांत, तो वचक गेला आणि सांगाडा तेवढा राहिला. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1819 साली जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला त्यात या व्यवस्थेचे वर्णन आहे. मामलती, म्हणजे परगण्यांचा कारभार, हुजुरातल्या मंडळींत लिलावाने जात, चढी बोली लावायला उत्तेजन मिळे, बोली लावायला जो कचरे त्याच्यावर गैरमर्जी होई, आणि पुढच्या वर्षी तीच मामलत त्याहून जास्त देणाऱ्याकडे जाई. मामलत घेणारा ती पोटमक्त्याने दुसऱ्याला देई, दुसरा तिसऱ्याला, आणि ही उतरंड गावच्या पाटलापर्यंत जाऊन पोहोचे. एल्फिन्स्टन जेत्याच्या बाजूने लिहीत होता, हे लक्षात ठेवूनच त्याचे शब्द वाचले पाहिजेत. पण या एका बाबतीत मराठी कागदही त्याला दुजोरा देतात. राज्याचा मास्टर फ्रँचायझी, त्याखाली विभागाचा, त्याखाली जिल्ह्याचा आणि सर्वांत खाली एक गाळा भाड्याने घेऊन उभा राहिलेला निवृत्त मनुष्य, ही आजची रचना मला या उतरंडीहून स्वभावाने निराळी दिसत नाही. वरच्या प्रत्येक पायरीचे उत्पन्न खालच्याच्या अनामत रकमेतून निघते, खालच्याच्या नफ्यातून निघेलच असे नाही. जिथे असे होते तिथे वरच्याला खालचा टिकण्यापेक्षा नवा येण्यात अधिक रस असतो.

मक्त्याची ही स्मृती भाषेत फार खोल गेली आहे. गोव्यात माडाची सूर काढणाऱ्याला 'रेंदेर' म्हणतात. तो शब्द पोर्तुगीज 'रेंदेइरो'वरून, म्हणजे वसुलाचा मक्ता घेणाऱ्यावरून आला. नावेच्या उताराचा ठेका, बाजाराचा ठेका, दारूच्या गुत्त्याचा मक्ता, जकात नाक्याचा ठेका हे शब्द इंग्रजी अमदानीत आणि नंतरही आपल्या कानांवर येत राहिले, आणि ठेकेदार म्हणजे काय हे गावातल्या पोरालाही समजत असे. फ्रँचायझी हा शब्द आला तेव्हा मात्र ती समज त्याच्याबरोबर आली नाही. त्या शब्दाच्या मुळाशी जुन्या फ्रेंचमधला मोकळेपणाचा, राजाने दिलेल्या सवलतीचा अर्थ आहे, आणि योगायोगाने तो मोकळेपणाच नोकरीतून सुटलेल्या माणसाला सर्वांत जास्त हवा असतो.

अमेरिकेत, जिथे आजची फ्रँचायझी पद्धत घडली, तिथेही सुरुवात वतनानेच झाली होती. 1899 साली चॅटनूगाच्या बेंजामिन थॉमस आणि जोसेफ व्हाइटहेड या दोन वकिलांनी कोका-कोलाच्या आसा कँडलरकडून बाटल्या भरून विकण्याचा हक्क एका डॉलरला घेतला. कँडलरला बाटलीत भवितव्य दिसत नव्हते, म्हणून त्याने कराराला मुदतच घातली नाही आणि पाकाचा भावही बांधून दिला. पुढे बाटलीचाच धंदा फोफावला, साखर महागली, कंपनीने 1920 साली तो करार मोडू पाहिला आणि बॉटलर न्यायालयात गेले. अखेर भावाबाबत तडजोड करावी लागली, पण हक्क बॉटलरांकडेच राहिला. आज्ञापत्रातली भीती कोका-कोलाच्या अटलांटातल्या कचेरीत खरी ठरली होती. त्यानंतरच्या फ्रँचायझी करारांकडे पाहिले की तो धडा देणाऱ्यांनी किती नीट गिरवला हे कळते. मुदत, नूतनीकरणाचा एकतर्फी अधिकार, विक्रीवरची टक्केवारी, माल कुठून घ्यायचा याचे बंधन ही कलमे आता सगळीकडे असतात. घेणाऱ्यांनी मात्र त्या खटल्यातून काहीच उचलले नाही.

उतारवयातल्या माणसाला फ्रँचायझी विकताना दोन नावे हमखास सांगितली जातात. तळलेल्या कोंबडीच्या साखळीचा कर्नल सँडर्स पासष्टीत निघाला, मॅकडॉनल्डचा रे क्रॉक बावन्नाव्या वर्षी. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या पुरत्या सांगितल्या जात नाहीत. 1890 साली जन्मलेल्या सँडर्सचे केंटकीतल्या कॉर्बिनचे उपाहारगृह बुडाले, कारण नवा महामार्ग गावाला वळसा घालून गेला आणि गिऱ्हाईक त्या रस्त्याने निघून गेले. 1956 साली ते लिलावात विकून देणी भागवल्यावर त्याच्याकडे दरमहा 105 डॉलरच्या सरकारी पेन्शनखेरीज फारसे काही उरले नाही. मग तो गाडीत मसाला आणि कुकर टाकून हॉटेलाहॉटेलांत फिरला आणि आपली कृती वापरणाऱ्यांकडून कोंबडीमागे काही सेंट घेऊ लागला. म्हणजे पासष्टीत त्याने फ्रँचायझी विकत घेतली नाही, विकली. क्रॉकने 1954 साली सॅन बर्नार्डिनोला मॅकडॉनल्ड बंधूंचे दुकान पाहिले आणि त्यांच्याकडून जो करार मिळवला, तो खरोखर मक्ताच होता. भावांच्या लेखी परवानगीवाचून त्याला इमारतीत फेरफार करता येत नसे, टक्केवारीतला वाटा त्यांना द्यावा लागे. त्या मक्त्यातून मोकळे व्हायला त्याला 1961 साली 27 लाख डॉलर मोजावे लागले. ज्या दोन म्हाताऱ्यांच्या यशावर आज मक्ते विकले जातात, त्यांतला एक मक्ता देणारा होता आणि दुसरा मक्ता फेडून मालक झाला. आपल्या गाळ्यात उभ्या असलेल्या निवृत्ताची जागा या दोघांपैकी कोणाचीच नाही.

1960च्या दशकात अमेरिकेत खेळाडूंच्या, गायक-नटांच्या नावाने साखळ्या निघाल्या, अनामत रकमांवर भराभर वाढल्या आणि तितक्याच भराभर कोसळल्या. त्या पडझडीतून 1970 साली कॅलिफोर्नियाचा कायदा आला आणि 1979 पासून केंद्रीय व्यापार आयोगाचा नियम लागू झाला. विकणाऱ्याने आपली हकिकत आधी लेखी दिली पाहिजे, हे त्या नियमाचे सार आहे. चालकांची पार्श्वभूमी, चाललेले खटले, एकूण खर्च, किती दुकाने उघडली, किती बंद पडली, आणि गेल्या वर्षभरात बाहेर पडलेल्यांची नावे व संपर्क हे सारे त्यात येते, आणि हा दस्तऐवज सही करण्याच्या निदान चौदा दिवस आधी हाती पडावा लागतो. विकणारा का विकतो हे आधी सांगण्याची जी रीत आपल्या वतनपत्रांत होती, ती तिथे कायद्याने आणावी लागली. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा अजून नाही. भार आहे तो 1872च्या करार कायद्यावर, आणि त्याच्या सतराव्या कलमाचे स्पष्टीकरण असे की बोलण्याचे कर्तव्य नसेल तर केवळ मौन म्हणजे फसवणूक नव्हे. गोतापुढे उभे राहून आपली अडचण सांगणाऱ्या पाटलापासून मौनाला कायद्याचे कवच मिळालेल्या कंपनीपर्यंतचा हा प्रवास प्रगतीचा म्हणता येत नाही, हे मी खेदाने लिहितो.

आणि आपल्याकडे दुसरी वाट होती, ती तर आपण जवळजवळ विसरलोच आहोत. पुण्यात 1920च्या दशकापासून रुजलेली अमृततुल्य चहाची दुकाने बहुतेक राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांची. गावाकडून आलेला पोरगा नातलगाच्या दुकानात राबायचा, लखलखीत पितळी पातेल्यात दूध-पाणी एकत्र चढवायला शिकायचा, आले-वेलदोडे कधी कुटून टाकायचे आणि फडक्यातून चहा कोणत्या रंगावर गाळायचा हे डोळ्यांनी टिपायचा. काही वर्षांनी तो आपल्या देवीचे किंवा देवाचे नाव लावून स्वतःचा गाळा उघडायचा. पाटीवरचा 'अमृततुल्य' हा शब्द सर्वांचा होता. त्यासाठी कोणी कोणाला टक्केवारी दिली नाही. आज तोच शब्द साखळ्यांच्या नावांत शिरून करारासकट विकला जातो, आणि घेणाऱ्याला चहा करायला शिकण्याचीही गरज राहत नाही, पुडी फोडली की झाले. सोय मोठी आहे. पण ज्याने कसब घेतलेच नाही त्याच्याकडे करार संपल्यावर नेण्यासारखे काय उरते? वडापावची गोष्ट हीच. 1966च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्यांच्या गाडीवर जो पदार्थ उभा राहिला, त्याने 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर बेकार झालेल्या कितीतरी घरांना हात दिला. ती मिळकत हलाखीची होती, तिचे गोडवे गाणे गिरणगावाच्या दुःखाचा अपमान ठरेल. मात्र त्या गाडीवरची कढई गाडीवाल्याचीच होती.

टेलिफोनचे बूथ याहून जवळचे उदाहरण. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पिवळ्या पाट्यांचे एसटीडी-पीसीओ गल्लोगल्ली निघाले. अपंगांना, माजी सैनिकांना प्राधान्याने मिळाले, आणि रात्री अकरानंतर पाव दर लागू झाला की काचेच्या खोकड्याबाहेर माणसे रांग लावत. दर सरकारचा, यंत्रणा सरकारची, कमिशन ठरलेले. बूथवाल्याचे काय ते बसणे आणि गाळ्याचे भाडे. तो काही वर्षे सुखाने जगला. मग मोबाइल आला. बूथवाल्याने काही चुकीचे केले नव्हते, फक्त ज्या गोष्टीवर त्याचा चरितार्थ होता तिच्यातला एकही निर्णय त्याच्या हाती नव्हता. सँडर्सचा महामार्ग आणि बूथवाल्याचा मोबाइल यांत फरक एवढाच की सँडर्सची कृती त्याची स्वतःची होती, ती गाडीत घालून नेता आली.

1995 साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या खटल्यात, करार चालू असताना प्रतिस्पर्ध्याचा माल न भरण्याचे बंधन वैध ठरवले. फ्रँचायझी हा बरोबरीच्या दोन व्यापाऱ्यांमधला व्यवहार, असे त्या निकालाचे गृहीतक होते, आणि त्या दोन पक्षांच्या बाबतीत ते बरोबरही होते. मॅकडॉनल्डचे उत्तर भारतातले भागीदार विक्रम बक्षी 2013 ते 2019 एवढा काळ कंपनीशी झुंजू शकले, कारण वकील उभे करण्याइतके बळ त्यांच्याजवळ होते. 2000-01 साली सार्वजनिक बँकांच्या स्वेच्छानिवृत्तीत सुमारे एक लाख माणसे एकदम बाहेर पडली, 31 जानेवारी 2020 रोजी बीएसएनएलमधून सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर हजार. या माणसांना बरोबरीचा व्यापारी समजणे म्हणजे शिपाईगड्याला सरदाराच्या तोलाचा मानून लढाईला धाडण्यासारखे आहे. बीएसएनएलमधून सुटलेल्यांपैकी ज्यांनी फेब्रुवारीत खाण्यापिण्याच्या गाळ्याची अनामत भरली असेल, त्यांच्या दारावर पंचवीस मार्चला टाळेबंदी येऊन उभी राहिली. विक्रीवरची टक्केवारी विक्रीच थांबल्यावर शून्य झाली, पण किमान रक्कम आणि गाळ्याचे भाडे शून्य झाले नाही.

वयाचा मुद्दा इथे येतो, आणि तो पैशाच्या हिशेबात मावत नाही. समजा, महिन्याला तीन लाखांची विक्री आहे आणि सहा टक्के कंपनीचे. तर नफा असो वा तोटा, अठरा हजार आधी जातात, त्यांवर अठरा टक्के जीएसटी जातो. हा हिशेब तिशीतल्या माणसालाही तसाच लागू आहे. पण तिशीतला माणूस बुडाला तर पुढची पंचवीस वर्षे त्याची असतात. अठ्ठावन्नाव्या वर्षी पाच वर्षांचा करार करणारा त्रेसष्टाव्या वर्षी नूतनीकरणाच्या दारात उभा राहतो, तेव्हा त्याचे गुडघे, त्याचा रक्तदाब आणि त्याची उरलेली ठेव हेही त्याच्याबरोबर उभे असतात. पेशव्यांचा कमाविसदार रसद भरताना त्याच्यामागे निदान सावकार असे. इथे रसद भरणारा आणि सावकार एकच माणूस आहे.

आमच्या इमारतीतले एक गृहस्थ बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले. तीस-पस्तीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या कर्जप्रस्तावांतली खोट हुडकण्याचे काम केले होते. एका चहाच्या साखळीचा इंग्रजी करार ते माझ्याकडे घेऊन आले, तेव्हा त्याच्या पहिल्या दहा पानांवर पेन्सिलीच्या खुणा होत्या आणि शेवटची वीस कोरी होती. आम्ही दोघांनी मिळून ती वाचली. चहाचे मिश्रण, कप, साखरेच्या पुड्यासुद्धा कंपनीकडूनच घ्यायच्या होत्या. करार पाच वर्षांचा, गाळ्याचा लिव्ह अँड लायसन्स तेहतीस महिन्यांचा. मधल्या सत्तावीस महिन्यांचे काय, हे कुठे लिहिलेले नव्हते. आसपास त्याच नावाचे दुसरे दुकान निघणार नाही, असे विक्रेत्या मुलाने तोंडी सांगितले होते, कागदात त्याचा मागमूस नव्हता. वहिनी शांतपणे ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारले, "दुकान बंद करायची वेळ आली तर यातलं आपलं काय राहील हो?" मी उत्तर दिले नाही. तिथे द्यायला हवे होते. मी सभ्यपणाने "विचार करा" एवढेच म्हणालो, आणि त्या सभ्यपणाचा सल मला अजून आहे.

दुकान एकवीस महिने चालले. पहाटे पाचला उठून ते शटर उघडत, आणि खरे सांगायचे तर पहिल्या वर्षी त्यांच्या चेहऱ्यावर नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांत नसलेली तकाकी होती. हेही नोंदवले पाहिजे, कारण या धंद्याने माणसाला सकाळी उठायला कारण दिले होते, आणि ते कमी नसते. मग चौकापलीकडे त्याच नावाचे दुसरे दुकान निघाले. तिथला माणूसही निवृत्तच होता, तोही अनामत भरून आलेला. दोघे एकमेकांचे गिऱ्हाईक खात राहिले आणि वर जाणारी टक्केवारी दोघांकडून जात राहिली. शेवटी कंपनीची माणसे येऊन पाटी, मेन्यूचा फलक आणि काउंटरवरचा पत्रा काढून घेऊन गेली. भिंतीवर नावाच्या अक्षरांच्या जागी तेवढा रंग फिका राहिला होता आणि गाळामालकाने तो पुसून देण्याचे पैसे अनामतीतून कापले.

गेल्या दिवाळीनंतर शेजारच्या सोसायटीतले एक नुकतेच निवृत्त झालेले शिक्षक असाच एक करार घेऊन आमच्या इमारतीतल्या त्या गृहस्थांकडे आले. मीही होतो. त्यांनी चष्मा लावला आणि कागद उलटा धरून शेवटच्या पानापासून वाचायला घेतला: मुदत किती, ती कोण संपवू शकतो, संपल्यावर वस्तू कोणाच्या, हद्द कुठवर. मग कागद बाजूला ठेवून त्यांनी शिक्षकांना विचारले की या साखळीचे दुकान बंद केलेला एखादा माणूस तुम्ही शोधला आहे का. शिक्षक म्हणाले, कंपनीने चालणारी तीन दुकाने दाखवली. "चालणारी नकोत सर," ते म्हणाले, "बंद पडलेलं एक दाखवायला सांगा. मी येतो तुमच्याबरोबर बघायला."